पाढे की प्रकल्प? कॅनडाच्या शाळांमधलं जुनं भांडण

टोरांटोच्या आसपास, ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत एक तक्रार ठरलेली असते. मुलगी चौथीत गेली, दप्तरात एकही क्रमिक पुस्तक नाही, पाढे कोणी म्हणवून घेत नाही, आणि बाई मात्र म्हणतात की तिचं छान चाललंय. तेवढ्यात उलटी बातमी येते. २०२० मध्ये टोरांटोच्याच ऑन्टेरिओ प्रांताच्या सरकारने गणिताचा नवा अभ्यासक्रम आणला तो 'मूलभूत गोष्टींकडे परत' अशी हाक देत. २०२३ मध्ये भाषेचा अभ्यासक्रम बदलला आणि अक्षराला ध्वनी जोडत वाचायला शिकवण्याची पद्धत पुन्हा मानाने आत आली. आल्बर्टा प्रांतात २०२१ साली सरकारने प्राथमिक वर्गांसाठी माहितीने गच्च भरलेला मसुदा काढला, तर बहुतेक शाळा मंडळांनी तो वर्गात वापरून बघायलाही नकार दिला.

बाहेरून पाहणाऱ्याला हा खेळ कळत नाही. ही माणसं एकदा पाढे काढतात, एकदा घालतात, चाललंय काय? उत्तर शोधायचं तर शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं. तिथे 'पारंपरिक' आणि 'पुरोगामी' असे दोन शब्द भेटतात. पारंपरिक म्हणजे ठरलेलं ज्ञान ठरलेल्या क्रमाने शिक्षकाने द्यायचं आणि परीक्षेत परत मागायचं. पुरोगामी म्हणजे मुलाची वाढ, त्याची आवड आणि त्याचा अनुभव इथून सुरुवात करायची. व्याख्या एवढीच. पुढचा गोंधळ मात्र असा आहे की पुरोगामी म्हणवणारे लोक एकमेकांशी सहमत नव्हते, आणि त्यांच्यातल्या ज्या गटाचं काम स्वस्तात आणि कागदावर होण्यासारखं होतं त्याचंच खरं चाललं.

'कॅनडाचं शिक्षण' असं काही नसतं

१८६७ साली कॅनडा नावाचं संघराज्य झालं तेव्हा घटना-कायद्याच्या ९३व्या कलमाने शिक्षण प्रांतांच्या हाती दिलं. केंद्रात शिक्षण मंत्रालय आजही नाही. त्यामुळे ही कथा प्रांताप्रांतांत वेगळी घडते. क्वेबेकमध्ये तर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन समांतर व्यवस्था होत्या आणि शाळा सक्तीची झाली ती थेट १९४३ मध्ये. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे मी इंग्रजी भाषक प्रांतांपुरतंच बोलतो, त्यातही ऑन्टेरिओ, ब्रिटिश कोलंबिया आणि आल्बर्टा.

जुनी शाळा होती तरी कशी?

ऑन्टेरिओच्या शाळांचा पाया घातला एगर्टन रायर्सन या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने. १८४४ ते १८७६ अशी तीसेक वर्षं तो प्रांताचा शिक्षणप्रमुख होता. युरोपात फिरून त्याने प्रशिया, आयर्लंड इथल्या शाळा पाहिल्या, आयर्लंडची वाचनमाला आपल्या शाळांना लावली, शिक्षक घडवणारी नॉर्मल स्कूल उभी केली. १८७१ च्या कायद्याने प्राथमिक शाळा मोफत झाली आणि मुलांना वर्षातून काही महिने तरी पाठवणं सक्तीचं झालं. आज आपण ज्याला 'पारंपरिक' म्हणून बाजूला सारतो ती व्यवस्था त्या काळी चांगलीच क्रांतिकारक होती. शेतकऱ्याच्या पोराने सरकारी पैशाने शिकावं ही कल्पनाच नवी होती.

पण १९०० च्या आसपास त्या शाळेत डोकावलं तर दिसायचं ते असं. गावाबाहेर एक खोली, मधोमध लाकडं जाळायची शेगडी, आणि पहिलीपासून आठवीपर्यंतची सगळी मुलं एकत्र. एकशिक्षकी शाळा. शिकवणारी बहुधा अठरा-वीस वर्षांची मुलगी. एका इयत्तेला पुढे बोलावून धडा म्हणवून घ्यायचा, तोवर बाकीच्यांनी पाटीवर गणितं करायची. स्पेलिंगच्या याद्या, व्याकरणाने वाक्याची चिरफाड, नकाशे काढणं, राजांच्या सनावळ्या, पाठ केलेल्या कविता. चुकलं किंवा मस्ती केली तर हातावर चामड्याचा पट्टा. कॅनडात छडीची जागा पट्ट्याने घेतली होती, आणि शाळेत त्याचा वापर कायद्याने पुरता बंद झाला तो २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरच.

या सगळ्याच्या टोकाला एक परीक्षा बसलेली असे. ऑन्टेरिओत तिला नुसतं 'एन्ट्रन्स' म्हणत. आठवीनंतर हायस्कुलात जायचं तर ती पास व्हावी लागे. निकाल वर्तमानपत्रात छापून येत. किती मुलं पास झाली त्यावर बाईंची किंमत ठरे, आणि पुढच्या वर्षी नोकरी राहील की नाही हेही. अशा परिस्थितीत बाई परीक्षेपुरतंच शिकवत असतील तर त्यांना दोष कुठल्या तोंडाने द्यायचा?

घोकंपट्टीमागे एक सिद्धांत होता

जुन्या पद्धतीची टिंगल करणारे एक गोष्ट विसरतात. ती निव्वळ आळसातून आलेली नव्हती. त्या काळचे शिक्षणतज्ज्ञ मानत की मनात स्मरण, तर्क, अवधान अशा वेगवेगळ्या शक्ती असतात आणि कठीण विषयांच्या मेहनतीने त्या बळकट होतात. लॅटिन व्याकरण पुढे कधी उपयोगी पडणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. युक्लिडची प्रमेयं शेतात नांगर धरताना आठवणार नाहीत हेही. मुद्दा मेहनतीचा होता: लॅटिनवर घासलेलं डोकं उद्या व्यवहारातही धारदार चालेल. याला मानसिक शिस्तीचा सिद्धांत म्हणत.

१९०१ साली एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी यावर घाव घातला. त्यांनी लोकांना ठरावीक आकृत्यांचं क्षेत्रफळ नजरेने ओळखायचा भरपूर सराव दिला आणि मग वेगळ्या मापाच्या, वेगळ्या आकाराच्या आकृत्या पुढे ठेवल्या. सरावाचा फायदा फारच थोडा पोचला. एका कामात तयार झालेलं मन दुसऱ्या कामात आपोआप तयार नसतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. सुधारकांच्या हाती मोठंच हत्यार आलं. लॅटिनने बुद्धी वाढत नसेल तर शाळेतल्या प्रत्येक विषयाला 'तुझा उपयोग काय?' असं विचारता येऊ लागलं.

नवं शिक्षण म्हणजे आघाडी सरकार

इथे महाराष्ट्रातल्या वाचकाला फार समजवावं लागणार नाही. जुन्याला सत्तेवरून खाली खेचायचं एवढ्या एका मुद्द्यावर तीन पक्ष एकत्र आले. किमान समान कार्यक्रम लिहून झाला, पण प्रत्येकाचा जाहीरनामा वेगळाच होता.

पहिला पक्ष बालककेंद्री. जर्मन शिक्षक फ्रोबेल याच्या विचारांवर वाढलेला. मूल खेळातून, हाताने काही करण्यातून शिकतं, शाळेने त्याच्या आड येऊ नये, ही त्याची धारणा. १८८३ मध्ये टोरांटोच्या लुइसा स्ट्रीट शाळेत सरकारी बालवाडी सुरू झाली ती या लोकांमुळे. शिकवत होत्या एडा मारियन, आणि पाठीशी होते शहराचे शाळा-निरीक्षक जेम्स ह्यूज. पुढे दोघांनी लग्न केलं.

दुसरा पक्ष समाजसुधारकांचा. शहरं फुगत होती, परदेशांतून माणसं लोंढ्याने येत होती, खेड्यातली तरुण पोरं घर सोडत होती. शाळेने हे प्रश्न अंगावर घ्यावेत, असं त्यांचं म्हणणं. लोकशाही ही वर्गात जगूनच शिकावी लागते असं सांगणारा अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्युई त्यांना जवळचा होता.

तिसरा पक्ष मोजमापवाल्यांचा. बुद्धिमापन चाचण्या, मुलांची गुणवत्तेनुसार विभागणी, तक्ते, सर्वेक्षणं, तज्ज्ञ प्रशासक. शाळा कारखान्यासारखी कार्यक्षम चालावी हे त्यांचं स्वप्न. हेही स्वतःला पुरोगामीच म्हणवत, आणि लोक त्यांना तसंच ओळखत.

एकाच माणसात तिन्ही पक्ष नांदताना दिसतात तेव्हा तर गंमतच होते. बालवाडीचा कैवारी जेम्स ह्यूज शाळेत मुलांची लष्करी कवायत व्हावी म्हणून तितकाच उत्साही होता. पहिल्या महायुद्धात कॅनडाचं लष्करी खातं सांभाळणारा सॅम ह्यूज त्याचाच भाऊ.

तंबाखूच्या पैशातल्या बागा

आघाडीचा पहिला मोठा प्रयोग सरकारने नाही, एका व्यापाऱ्याने केला. माँट्रियलचा विल्यम मॅकडॉनल्ड हा तंबाखूचा बडा कारखानदार. त्याला जोड मिळाली जेम्स रॉबर्टसन या केंद्र सरकारच्या कृषी आणि दुग्धव्यवसाय आयुक्ताची. रॉबर्टसनचं निदान साधं होतं. खेड्यातली शाळा मुलाला शेतीपासून तोडते, पुस्तकं शिकवून शहराच्या वाटेला लावते. म्हणून शाळेत हातकाम आणा, बाग आणा, निसर्ग-अभ्यास आणा.

१९०० पासून मॅकडॉनल्डच्या पैशांतून देशभर सुतारकाम शिकवणारी केंद्रं उघडली. १९०४ च्या सुमाराला पूर्वेकडच्या प्रांतांत शाळेच्या आवारात बागा फुलल्या. प्रत्येक मुलाला वाफा, त्यात त्याने पेरायचं, मापायचं, वहीत नोंदवायचं. वाफ्याचं क्षेत्रफळ काढताना गणित, नोंदी लिहिताना भाषा. एकशिक्षकी शाळांना पर्याय म्हणून 'एकत्रित शाळा' काढल्या, ज्यांना आज आपण समूह शाळा म्हणतो. पहिली १९०३ मध्ये नोव्हा स्कोशियातल्या मिडलटनला. मुलांना आणायला घोड्यांच्या बंद गाड्या ठेवल्या. ऑन्टेरिओतल्या गेल्फमध्ये गृहविज्ञान आणि निसर्ग-अभ्यासासाठी मॅकडॉनल्ड इन्स्टिट्यूट झाली, माँट्रियलजवळ १९०७ साली मॅकडॉनल्ड कॉलेज झालं.

मुलं खूश होती, हजेरी वाढली. मग तीनेक वर्षांची देणगी संपली आणि गावकऱ्यांपुढे कराचा आकडा आला. घोडागाडी, दोन-तीन शिक्षक, बागेची देखभाल हे सगळं जुन्या एका खोलीपेक्षा महाग पडत होतं. ग्रामीण करदात्याने हात आखडता घेतला आणि बहुतेक एकत्रित शाळांची कल्पना त्या पिढीपुरती थंडावली. बागाही बऱ्याच ठिकाणी, उत्साही बाईंची बदली झाली की तणात गेल्या. शहरांतलं हातकाम आणि गृहविज्ञान मात्र टिकलं, कारण तिथे कराचा पाया मोठा होता. पुढच्या सगळ्या कहाणीत हाच पैशाचा धागा पुन्हा पुन्हा वर येतो.

पुटमन, वेअर आणि बुद्धीची फूटपट्टी

१९२४ मध्ये ब्रिटिश कोलंबिया सरकारने आपल्या शाळांची तपासणी दोन माणसांवर सोपवली. जॉन हॅरॉल्ड पुटमन हे ओटावाचे शाळा-निरीक्षक, जॉर्ज वेअर हे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक. पुढच्याच वर्षी त्यांचा पाचशेहून अधिक पानांचा अहवाल आला, आणि इंग्रजी कॅनडातल्या पुरोगामी शिक्षणाचं ते सगळ्यात महत्त्वाचं दस्तऐवज ठरलं.

अहवाल वाचणाऱ्याला त्यात आघाडीचे सगळे पक्ष दिसतात. एकीकडे व्याकरणाच्या कोरड्या कवायतीवर आणि परीक्षेच्या दडपणावर टीका, मानसिक शिस्तीचा सिद्धांत मोडीत. दुसरीकडे शाळेने नागरिक घडवावेत हा आग्रह. आणि तिसरीकडे यंत्रणा: सहा वर्षं प्राथमिक, तीन वर्षं कनिष्ठ माध्यमिक, तीन वर्षं वरिष्ठ माध्यमिक अशी नवी उतरंड, आणि मुलांची वर्गवारी करायला बुद्धिमापन चाचण्या. चाचण्यांचं काम पाहिलं टोरांटोच्या पीटर सँडिफर्ड यांनी. ते थॉर्नडाइकचे शिष्य.

चाचणीचा विचार वरवर उदार वाटतो. सगळ्यांना एकच धडा कशाला? ज्याची जशी कुवत तसं शिक्षण द्या. पण कुवत एका दुपारच्या पेपरात मोजली की ती मुलाच्या कपाळावर कायमची लिहिली जाते. कोण कॉलेजच्या वाटेने जाणार आणि कोण कामगाराच्या, हे बाराव्या-तेराव्या वर्षी ठरतं. ड्युईच्या लोकशाहीशी हे कसं जुळायचं, हा प्रश्न आघाडीत कोणी फारसा विचारला नाही.

या चाचण्यांनी एकदा स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. सँडिफर्ड आणि रूबी केर यांनी व्हँकुव्हरमधल्या चिनी आणि जपानी मुलांची बुद्धी मोजून १९२६ मध्ये निष्कर्ष छापले. दोन्ही गटांची सरासरी पातळी गोऱ्या मुलांच्या वर निघाली. तो काळ असा की चारच वर्षांपूर्वी, १९२२ मध्ये, शेजारच्या व्हिक्टोरिया शहराच्या शाळा मंडळाने चिनी मुलांना वेगळ्या शाळेत बसवायला काढलं होतं आणि चिनी पालकांनी जवळपास वर्षभर मुलं घरी ठेवून त्याला उत्तर दिलं होतं. आता आकडे चिनी मुलांच्या बाजूने बोलत होते. संशोधकांनी काय करावं? हुशार तेवढेच समुद्र ओलांडून आले असावेत असं स्पष्टीकरण दिलं, आणि इतके बुद्धिमान, कष्टाळू परके लोक प्रांतात असणं ही मोठी राजकीय-आर्थिक समस्या असल्याचं म्हटलं. मोजपट्टी शास्त्रीय होती. मोजणाऱ्यांचे पूर्वग्रह तिने हलवले नाहीत.

आल्बर्टा १९३६: पाठांतरवाल्याच्या राज्यात प्रकल्प

बालककेंद्री पक्षाला खरी संधी मिळाली ती आल्बर्टात, आणि तीही अगदी अनपेक्षित माणसाच्या राजवटीत. १९३५ मध्ये विल्यम एबरहार्ट मुख्यमंत्री झाला. कॅल्गरीच्या क्रेसेंट हाइट्स हायस्कुलाचा मुख्याध्यापक, रेडिओवरून बायबल सांगणारा प्रचारक, शिस्त आणि पाठांतराचा भोक्ता. शिक्षण खातंही त्याने स्वतःकडेच ठेवलं. आणि त्याच्याच नावाखाली, १९३६ पासून, त्या काळच्या कॅनडातला सर्वात धाडसी प्राथमिक अभ्यासक्रम लागू झाला. तयारी आधीच्या सरकारच्या काळातली होती. शाळांचे पर्यवेक्षक ह्युबर्ट न्यूलँड यांनी ती पुढे रेटली. ते विचाराने डावीकडे झुकलेले. शाळेतून समाज नव्याने बांधता येईल अशी त्यांची श्रद्धा होती.

पद्धतीचं नाव होतं 'एंटरप्राइझ'. आपण तिला प्रकल्प म्हणू. वर्गाने मिळून एक काम हाती घ्यायचं, ते ठरवायचं, पार पाडायचं आणि शेवटी तपासायचं. विषय त्या कामाच्या ओघात यायचे. उदाहरणार्थ, 'आपली वस्ती कशी उभी राहिली' हा प्रकल्प घेतला की मुलं म्हाताऱ्या माणसांना विचारून येणार, पहिल्या रेल्वेचा नकाशा काढणार, गहू बाजारात पोचवायला किती खर्च येतो ते मांडणार, मातीच्या ढेकळांच्या घराची प्रतिकृती बनवणार, आणि हे सगळं लिहून काढणार. इतिहास आणि भूगोल एकत्र होऊन 'सामाजिक अभ्यास' झाले. अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांत डोनाल्डा डिकी होत्या. प्रेअरी या गवताळ मैदानी भागातल्या नॉर्मल स्कुलांमध्ये वर्षानुवर्षं शिक्षक घडवलेली ही बाई. पुढे शिक्षकांसाठी या पद्धतीचं मार्गदर्शकही त्यांनीच लिहिलं. डिकी यांना वर्ग ठाऊक होता, म्हणून त्यांनी वाचन आणि अंकगणिताचा सराव पूर्ण सोडून दिला नव्हता. ही गोष्ट टीकाकार सहसा सांगत नाहीत.

वर्षभरात, १९३७ मध्ये, ऑन्टेरिओनेही पहिली ते सहावीचा अभ्यासक्रम बदलला. त्यातला बराच विचार इंग्लंडच्या १९३१ च्या हॅडो अहवालातून घेतलेला होता, ज्याचं सूत्र होतं की अभ्यासक्रम म्हणजे साठवायची माहिती नव्हे, तो कृती आणि अनुभव यांतून मांडावा. इतर प्रांतही मागे राहिले नाहीत. १९४० उजाडेपर्यंत कागदावर इंग्रजी कॅनडा पुरोगामी झाला होता.

मग वर्गात काय बदललं?

थोडंच. इतिहासकार नील सदरलँड यांनी १९२० ते १९६० च्या दशकांत व्हँकुव्हरच्या शाळांत शिकलेल्या अनेकांना बोलतं केलं. पुटमन-वेअर अहवाल ज्या प्रांतासाठी लिहिला गेला त्याच प्रांतातली ही मुलं. त्यांना आठवत होत्या त्या रांगेतले बाक, फळ्यावरून उतरवून घेतलेली टिपणं, स्पेलिंगची चाचणी आणि पट्टा. आल्बर्टातही प्रकल्प मोजक्या उत्साही शिक्षकांच्या वर्गांत रंगले आणि बाकी ठिकाणी शुक्रवारच्या दुपारपुरते उरले.

कारण जाणून घ्यायला बाईंच्या जागी उभं राहून बघावं. प्रकल्प चालवायला शिक्षकाला विषयांची चांगली जाण हवी, हाताशी पुस्तकं हवीत, वर्ग आटोपशीर हवा. १९३६ च्या आल्बर्टात मंदीने आणि दुष्काळाने कंबरडं मोडलेलं. पगार घटलेले, कित्येकदा थकलेले. आठ इयत्ता एका खोलीत. शाळेचं ग्रंथालय म्हणजे एक कपाट. नॉर्मल स्कुलातलं प्रशिक्षण जेमतेम वर्षाचं, नव्या पद्धतीची ओळख उन्हाळी वर्गात काही आठवडे. शिवाय वरच्या इयत्तांची खात्याची परीक्षा तशीच शाबूत.

दूरच्या वस्तीत एकट्या राहणाऱ्या या तरुण मुलींवर काय गुजरत होतं याचा एक पुरावा सरकारी दप्तरात आहे. १९२८ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या व्हँकुव्हर बेटावरच्या एका लाकूडतोड वस्तीतल्या तरुण शिक्षिकेने, स्थानिक शाळा समितीच्या सततच्या टीकेने खचून, जीव दिला. प्रांत हादरला आणि लॉटी बाउरन यांना ग्रामीण शिक्षिकांच्या कल्याणासाठी अधिकारी नेमण्यात आलं. त्या गावोगाव फिरत, राहायची सोय बघत, घाबरलेल्या मुलींना धीर देत, जमेल तर बदली करून देत. मंदीच्या काळात १९३४ मध्ये ते पदही गेलं. अशा मुलीला 'मुलांच्या आवडीतून प्रकल्प फुलवा' असं सांगणारं जाडजूड परिपत्रक पोस्टाने गेलं तर ती पाठ्यपुस्तकालाच घट्ट धरणार.

मोजमापवाल्यांचं मात्र सगळं टिकलं. कनिष्ठ माध्यमिक शाळा झाल्या, चाचण्या रुळल्या, छोटे शाळा-विभाग एकत्र करून मोठी मंडळं झाली, मार्गदर्शन-विभाग आले, नवी प्रगतिपुस्तकं आली. कारण त्यासाठी प्रत्येक शिक्षकाला नव्याने घडवावं लागत नव्हतं. कचेरीतून हुकूम काढला की झालं.

'पण जुनी पद्धत इतकी वाईट असती तर लोक शिकले कसे?'

शंका रास्त आहे. पाठ्यपुस्तक आणि बाहेरची परीक्षा या दोन गोष्टींनी गरीब मुलाला संरक्षण दिलं हे मान्य करायला हवं. ऑन्टेरिओची १९०९ ची वाचनमाला ईटन या दुकानदार कंपनीने छापली आणि ती इतकी स्वस्त होती की कुठल्याही घराला परवडावी. बाई नवख्या असल्या तरी पुस्तक मुलाला आधार देई. एन्ट्रन्सचा पेपर तपासणाऱ्याला मुलगी कोणत्या घरची हे माहीत नसे. शेतकऱ्याच्या घरातून नॉर्मल स्कुलात जाऊन स्वतःच्या पगारावर उभ्या राहिलेल्या कितीतरी बाया त्याच घोकंपट्टीच्या शिडीवरून चढल्या. बालककेंद्री वर्गात शिक्षक कच्चा असेल तर मुलाच्या हाती फार काही लागत नाही, आणि घरी पुस्तकं नसलेल्या मुलाला त्याचा फटका आधी बसतो.

तरीही शिडीवरून किती जण चढले यासोबत किती जण खाली उरले हेही विचारावं लागेल. आठवीच्या आत शाळा सुटलेली मुलं त्या काळी ढिगाने होती, आणि त्यांची नावं वर्तमानपत्रात छापून येत नव्हती.

'ही सगळी अमेरिकेची नक्कल ना?'

अर्धं खरं. कॅनडाचे शिक्षणाचे प्राध्यापक उन्हाळ्यात शिकागो आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाकडे धाव घेत हे खरं. पण बालवाडी जर्मनीची, हॅडो अहवाल इंग्लंडचा, हातकामाचे बरेच शिक्षक ब्रिटनमधून आलेले. साम्राज्याशी निष्ठा हा तर जुन्या-नव्या दोघांचा समान धागा. 'एम्पायर डे' शाळांतून साजरा करण्याची प्रथा ऑन्टेरिओतच सुरू झाली.

कोलंबियाचं नाव निघालंच आहे तर एक नोंद. ड्युई तिथे शिकवत असतानाच, १९१३ ते १९१६ मध्ये, बाबासाहेब आंबेडकर त्यांचे विद्यार्थी होते. आल्बर्टात प्रकल्प सुरू झाले त्याच १९३६ साली छापलेल्या जातिनिर्मूलनावरच्या भाषणात बाबासाहेबांनी आपल्या या शिक्षकाचं ऋण मान्य करून त्याचा एक विचार उद्धृत केला आहे: समाजावर भूतकाळाचं मेलेलं लाकूड साचत जातं, आणि पुढच्या पिढीकडे त्यातलं काय पोचवायचं आणि काय गाळायचं हे शाळेने ठरवायचं असतं. कॅनडातल्या शिक्षणखात्यांनी ड्युईकडून प्रामुख्याने वर्गातली पद्धत उचलली. बाबासाहेबांनी उचलला तो गाळण्याचा मुद्दा. मला विचाराल तर ड्युई जास्त खोलवर कळला तो बाबासाहेबांना.

'प्रगती कोणासाठी?'

हा प्रश्न त्या काळच्या अहवालांत जवळजवळ नाहीच. ऑन्टेरिओने १९१२ च्या १७व्या नियमाने फ्रेंचमधून शिकवण्यावर कडक मर्यादा घातल्या, त्या १९२७ पर्यंत टिकल्या. मॅनिटोबाने १९१६ मध्ये द्विभाषिक शाळा बंद केल्या. युक्रेनी, पोलिश मुलांना 'कॅनडियन करणं' हे काम समाजसुधारक पक्षाला पुरोगामीच वाटत होतं.

मूळनिवासी मुलांची गोष्ट याहून काळी. त्यांचं शिक्षण घटनेने केंद्राकडे होतं आणि केंद्राने ते चर्चच्या निवासी शाळांकडे सोपवलं. १९०७ मध्येच सरकारच्या वैद्यकीय अधिकारी पीटर ब्राइस यांनी तिथल्या भयानक मृत्यूंबद्दल लिहून ठेवलं होतं. तरी १९२० मध्ये कायदा बदलून हजेरी सक्तीची करण्याचा अधिकार सरकारने घेतला. सुमारे १,५०,००० मुलं या शाळांतून गेली. तिथे अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस काम अशी पद्धत होती. शेत नांगरणं, कपडे धुणं, स्वयंपाक. मॅकडॉनल्डच्या बागेत वाफा हे शिकण्याचं साधन होतं. इथे मुलांच्या घामावर शाळेचा खर्च भागत होता. आणि मूळनिवासींसाठी अशा श्रमशाळा काढाव्यात असा सल्ला १८४७ मध्ये देणारा माणूस होता रायर्सन, मोफत शाळांचा जनक. टोरांटोतल्या त्याच्या नावाच्या विद्यापीठाने २०२२ मध्ये नाव बदललं त्यामागे हे आहे. आपल्याकडचे कितीतरी विद्यार्थी तिथे शिकतात.

'शेवटी प्रयोग फसलाच ना?'

असं ठामपणे सांगणारी पहिली मोठी व्यक्ती म्हणजे हिल्डा नीट्बी. सस्कॅचेवानच्या शेतवस्तीवर वाढलेल्या, त्याच प्रांताच्या विद्यापीठात इतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापिका. १९५३ मध्ये त्यांनी कॅनडाच्या शाळांवर एक जळजळीत पुस्तक लिहिलं. शाळांनी बुद्धीची मशागत सोडून दिली, ज्ञान आणि संस्कृती यांच्याकडे पाठ फिरवली, आणि याला ड्युईचे अनुयायी जबाबदार आहेत, असा त्यांचा आरोप. पुस्तक धडाधड खपलं, पालकांना आपलं दुखणं कोणीतरी बोलून दाखवल्यासारखं वाटलं. आजच्या 'मूलभूत गोष्टींकडे परत' या हाकेचे बरेचसे युक्तिवाद तिथे सापडतात.

अडचण एवढीच की ज्या वर्गांवर नीट्बी तुटून पडल्या त्यांतले बहुतेक वर्ग पुरोगामी झालेच नव्हते. तिथे अजून टिपणं उतरवून घेतली जात होती. मग त्यांना इतका संताप आला कशाचा? त्यांचा रोख बराचसा शिक्षणखात्यांच्या छापील अभ्यासक्रमांवर आणि शिक्षक-प्रशिक्षणाच्या तज्ज्ञांवर होता: गोलगोल भाषा, वर्गापासून दूर बसून काढलेले आदेश, आणि शिकवणाऱ्या माणसाला विषयाचं सखोल ज्ञान हवं याचा पडलेला विसर. तेवढ्यापुरतं त्यांचं म्हणणं आल्बर्टातल्या त्या एका खोलीतल्या बाईंनाही पटलं असतं. त्यांच्याही टेबलावर तेच परिपत्रक पडलेलं होतं, आणि कपाटात तीच मोजकी पुस्तकं.